मशिन मोठे करण्याआधी डेटाबेस तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निकाल, प्रवेश, नोकरभरतीचे अर्ज, कर भरण्याची शेवटची तारीख... अशा दिवशी एखादे संकेतस्थळ बसले की दुसऱ्या दिवशी आपल्या पानांवर बातमी येते आणि ‘क्षमता वाढवण्यात येत आहे’ असे ठरलेले उत्तर छापून येते. क्षमता वाढते, म्हणजे क्लाउडवर दुप्पट मोठे मशिन घेतले जाते. बिलही दुप्पट होते. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा तोच गोंधळ. क्लाउडवरचे डेटाबेस सांभाळणे हे आमचे रोजचे काम आहे आणि त्या आधारावर आम्ही ठामपणे सांगतो, की अशा बहुतेक प्रसंगी मशिन अपुरे नसते. डेटाबेसची निगा कोणी घेतलेली नसते. सरकारी खाती, पतसंस्था, महाविद्यालये आणि लहान उद्योग यांनी निदान काय तपासावे, यासाठी हे पत्र.

सगळा घोळ एका समजुतीतून होतो. ‘मॅनेज्ड’ सेवा घेतली म्हणजे डेटाबेसची जबाबदारी कंपनीची, असे मानले जाते. ॲमेझॉनचे आरडीएस असो, गुगलचे क्लाउड एसक्यूएल असो की मायक्रोसॉफ्टचे अझ्युअर, कंपनी हार्डवेअर पाहते, ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच लावते, ठरल्या वेळी बॅकअप घेते आणि पैसे मोजले तर दुसऱ्या इमारतीत जोडप्रत ठेवते. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) कशी लिहिली आहे, इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधयादी) आहे की नाही, ॲप्लिकेशनने डेटाबेसशी किती कनेक्शन उघडली, बॅकअपमधून डेटा खरोखर परत उभा राहतो का, हे सारे ग्राहकाकडेच राहते. करारात मात्र या कामाला माणूस नेमलेला नसतो.

गर्दीच्या दिवशी पहिली कोंडी कनेक्शनची होते. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी राहते आणि ती काही मेगाबाइट मेमरी अडवून बसते. मूळ पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची मर्यादा १०० असते. आरडीएसवर ती मशिनच्या मेमरीवरून ठरते आणि १६ जीबीच्या मशिनला दीड हजारांच्या पुढचा आकडा मिळतो. तो पाहून लोक निर्धास्त होतात. पण सर्वसाधारण १६ जीबीच्या मशिनला कोअर असतात चार. त्यांवर एका वेळी नीट चालतील अशा क्वेरी आठ-दहा. बाकीच्या नुसत्या एकमेकींच्या वाटेत उभ्या राहतात. आता हिशेब करा. वेब ॲप्लिकेशनची दहा मशिन आणि प्रत्येकावर उघड्या ठेवलेल्या ५० कनेक्शनचा साठा (पूल), म्हणजे ५०० कनेक्शन. गर्दी वाढली की ऑटोस्केलिंग (मशिन आपोआप वाढवणारी सोय) आणखी वीस मशिन उभी करते आणि कनेक्शन दीड हजारांवर जातात. वेबची बाजू वाढवली, तिचा सगळा भार मागे एकट्या डेटाबेसवर पडला. अशा वेळी सीपीयूचा आलेख १०० टक्क्यांवर चिकटतो आणि ‘मशिन लहान पडले’ असा निष्कर्ष निघतो.

यावरचा उपाय म्हणजे मध्ये कनेक्शन पूलर, म्हणजे थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा मध्यस्थ, बसवणे. पोस्टग्रेससाठी पीजीबाउन्सर फुकट मिळतो आणि लहानशा मशिनवर चालतो. आरडीएसवर प्रॉक्सी ही सेवाही आहे. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (एक व्यवहार संपला की कनेक्शन लगेच दुसऱ्याला) बाहेरच्या बाजूला हजार-दोन हजार कनेक्शन असली तरी आत डेटाबेसपर्यंत दहा-वीसच जातात. आतल्या पूलचा आकडा कोअरच्या दुपटीपासून सुरू करावा, भार देऊन मोजावे आणि मगच वाढवावा. एक खबरदारी: ट्रान्झॅक्शन मोडमध्ये एका सेशनपुरत्या (एका कनेक्शनच्या पूर्ण काळापुरत्या) ठरवलेल्या गोष्टी टिकत नाहीत. सेशनभर धरून ठेवलेली ॲडव्हायझरी लॉक, ‘सेट’ने बदललेली मूल्ये, ‘लिसन’ची सूचना यांवर ॲप्लिकेशन अवलंबून असेल तर ते विचित्र चुका दाखवू लागते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरी) वापरात असतील तर पीजीबाउन्सरची १.२१ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्यावी, आधीच्या आवृत्त्यांना ती या मोडमध्ये झेपत नव्हती.

त्याच्या जोडीला दोन कालमर्यादा लावाव्यात. ‘स्टेटमेंट टाइमआउट’, म्हणजे एका क्वेरीची कमाल वेळ, वेबच्या युजरसाठी पाच सेकंद पुरे. अहवाल काढणाऱ्या युजरला वेगळी, मोठी मुदत द्यावी. ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ची, म्हणजे उघड्या पण रिकाम्या बसलेल्या ट्रान्झॅक्शनची, मुदत पोस्टग्रेसमध्ये मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असते, ती एक मिनिटावर आणावी. ट्रान्झॅक्शन उघडून मध्येच बाहेरच्या पेमेंट सेवेला हाक मारणारे आणि उत्तराची वाट पाहत बसणारे कोड आजही सर्रास लिहिले जातात. पेमेंट सेवा अडली की ही ट्रान्झॅक्शन रेकॉर्डवरची कुलपे (लॉक) धरून उघडी राहतात आणि त्यांच्या मागे रांग लागते. ॲप्लिकेशनने चूक आल्याबरोबर लगेच पुन्हा प्रयत्न करणेही तितकेच घातक. दोन प्रयत्नांतले अंतर दर वेळी दुप्पट आणि थोडे अनियमित असले पाहिजे, नाहीतर सावरू पाहणाऱ्या डेटाबेसवर सगळे एकाच क्षणी पुन्हा तुटून पडतात.

आता क्वेरी. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ हे एक्स्टेन्शन सुरू करावे आणि यादी सरासरी वेळेनुसार न लावता एकूण वेळेनुसार लावावी. हे महत्त्वाचे आहे. दिवसातून दहा वेळा चालणारा ४० सेकंदांचा अहवाल सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. त्याचा एकूण खर्च ४०० सेकंद. २० मिलिसेकंदांची एखादी निरुपद्रवी वाटणारी क्वेरी दिवसात ५० लाख वेळा चालत असेल, तर तिचा खर्च एक लाख सेकंद, म्हणजे सत्तावीस तासांहून अधिक. ती ५ मिलिसेकंदांवर आणली तर मशिनचा मोठा भाग मोकळा होतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये स्लो क्वेरी लॉग (मंद क्वेरींची नोंद) मुळात बंद असतो आणि सुरू केला तरी दहा सेकंदांखालचे काही टिपत नाही. तो अर्ध्या सेकंदावर आणावा.

क्वेरी हाती लागली की ‘एक्सप्लेन ॲनालाइज’ ही, क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा ‘बफर्स’ पर्यायासह चालवावी. त्यात पाहायचे ते डेटाबेसने किती रेकॉर्ड अपेक्षित धरले आणि प्रत्यक्षात किती निघाले. अपेक्षा १० आणि प्रत्यक्ष दोन लाख असतील तर डेटाबेसने टेबलाबद्दल ठेवलेली आकडेवारी शिळी आहे. त्या टेबलावर ‘ॲनालाइज’ चालवावे. आदल्या रात्री लाखो रेकॉर्ड भरले की हे हातानेच करून घ्यावे. आवृत्ती बदलल्यावरही हेच. डेटाबेस पोस्टग्रेस १८ च्या आधीच्या आवृत्त्यांवर आणताना जुनी आकडेवारी सोबत येतच नाही आणि अपग्रेडनंतरचा पहिला दिवस रडतखडत जातो तो बहुधा यामुळे.

एक उदाहरण जवळून पाहू. अर्जांचे ८० लाख रेकॉर्डचे टेबल आहे, अर्ज भरल्याच्या वेळेवर इंडेक्स आहे आणि आजचे अर्ज हवे आहेत. क्वेरी लिहिणारा त्या कॉलमला आधी ‘डेट’मध्ये बदलतो आणि मग आजच्या तारखेशी ताडून पाहतो. कॉलमवर फंक्शन लागले की साधा इंडेक्स निरुपयोगी ठरतो, आणि मोजक्या अर्जांसाठी ८० लाख रेकॉर्ड वाचले जातात. हीच अट ‘आज मध्यरात्रीपासून पुढे आणि उद्याच्या मध्यरात्रीच्या आधी’ अशी लिहिली की इंडेक्स लागतो. मायएसक्यूएलमध्ये याचाच भाऊबंद आढळतो. मोबाइल क्रमांकाचा कॉलम अक्षरांचा आहे, पण क्वेरीत क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय, आकडा म्हणून दिला आहे. उत्तर बरोबर येते, चूक दिसत नाही, आणि इंडेक्स मात्र वापरला जात नाही. दोन अवतरणचिन्हांच्या अभावी पूर्ण टेबल वाचले जाते आणि त्यासाठी मोठे मशिन खरेदी होते, हे पाहून खरोखर वाईट वाटते.

अनेक कॉलमचा इंडेक्स करताना ‘बरोबर’ची अट असलेले कॉलम आधी आणि ‘पासून-पर्यंत’ची अट असलेला शेवटी, हा क्रम ठेवावा. चालू डेटाबेसवर इंडेक्स ‘कन्करंटली’ या पर्यायानेच बांधावा, नाहीतर तो पूर्ण होईपर्यंत टेबलावरचे सगळे लेखन थांबते. हे बांधकाम मध्येच फसले तर अवैध इंडेक्स मागे राहतो. तो वाचनाला उपयोगी पडत नाही, पण लेखनाचा भार वाढवत राहतो. शोधून काढून टाकावा. उलट बाजूही आहे. दर नव्या रेकॉर्डसाठी टेबलावरच्या प्रत्येक इंडेक्समध्ये नोंद होते, त्यामुळे न वापरलेले इंडेक्स काढणे हीसुद्धा सुधारणाच. फक्त काढण्याआधी वाचनप्रतीवरचे (फक्त वाचनासाठी ठेवलेल्या प्रतीवरचे) वापराचे आकडेही पाहावेत. प्रत्येक प्रतीची मोजणी वेगळी असते. मुख्य डेटाबेसवर शून्य दिसणारा इंडेक्स तिकडे अहवालासाठी राबत असू शकतो.

डिस्कबाबत एक जुना सापळा अजून अनेकांच्या पायात आहे. ॲमेझॉनच्या जीपी२ प्रकारात वेग डिस्कच्या आकारावर ठरतो: दर जीबीमागे सेकंदाला ३ वाचन-लेखने. १०० जीबी घेतले तर हक्काचा वेग ३००. साठवलेल्या क्रेडिटवर (रिकाम्या वेळी साचलेल्या जादा वापराच्या हक्कावर) डिस्क काही काळ ३००० पर्यंत धावते, पण पूर्ण वेगाने धावली तर साधारण अर्ध्या तासात ५४ लाख क्रेडिट संपतात आणि वेग एकदम ३०० वर येतो. चाचणी वीस मिनिटांची घेतली तर सगळे छान दिसते. खऱ्या दिवशी अर्ध्या तासानंतर सगळे गोठते, आणि सीपीयू रिकामा असल्याने कोणाला काही उमगत नाही. जीपी३ मध्ये आकार लहान असला तरी ३००० चा वेग कायम मिळतो, आणि आरडीएसवर पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलची डिस्क ४०० जीबी झाली की पायाभूत वेग १२,००० होतो. बदल चालू डेटाबेसवर करता येतो, मात्र एकदा डिस्क बदलली की निदान सहा तास पुन्हा हात लावता येत नाही. म्हणून तो ऐन दिवशी करू नये. ‘टी’ वर्गाच्या स्वस्त मशिनचेही असेच आहे. टी३ मीडियमला प्रत्येक कोअरच्या २० टक्के सीपीयूचाच हक्क असतो. त्यापुढचा वापर आरडीएसवर बिलात वाढतो, तर अझ्युअरच्या बर्स्टेबल वर्गात क्रेडिट संपताच मशिन मंदावते.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी व्हॅक्यूमकडे दुर्लक्ष करू नये. रेकॉर्ड बदलला की जुनी प्रत टेबलातच मृत पडून राहते आणि ऑटोव्हॅक्यूम ती साफ करतो. पण मूळ सेटिंगनुसार तो टेबलाच्या सुमारे २० टक्के रेकॉर्ड मृत होईपर्यंत थांबतो. १० कोटी रेकॉर्डच्या टेबलात याचा अर्थ दोन कोटी. अशा मोठ्या टेबलांसाठी हे प्रमाण वेगळे ठरवून एक-दोन टक्क्यांवर आणावे. ‘वर्क मेम’ (क्वेरीच्या कामाची मेमरी) वाढवताना लक्षात ठेवावे की ती मेमरी दर कनेक्शनला एकदा मिळत नाही, क्वेरीतल्या दर सॉर्ट आणि हॅशला स्वतंत्र मिळते. ४ एमबीवरून एकदम २५६ एमबी केली आणि पन्नास जणांनी मोठे अहवाल काढले, तर मेमरी संपून डेटाबेसच रीस्टार्ट होतो. वापरात नसलेला रेप्लिकेशन स्लॉट (प्रतीकडे बदल पाठवण्यासाठीची नोंद) शिल्लक राहिला तर त्याच्यासाठी बदलांचे लॉग साचत जातात आणि एका रात्री डिस्क भरून लेखन बंद पडते. स्लॉटची यादी दर महिन्याला पाहावी.

ॲप्लिकेशन आणि डेटाबेस एकाच रीजनमध्ये (क्लाउडच्या भौगोलिक केंद्रात) असावेत, हे सांगावे लागू नये, पण लागते. ॲमेझॉनचे मुंबई रीजन २०१६ पासून, गुगलचे २०१७ पासून आहे आणि मायक्रोसॉफ्टचे पुण्यात २०१५ पासून आहे. तरीही जुन्या डीफॉल्टमुळे डेटाबेस सिंगापूरला राहिलेला सापडतो. मुंबई-सिंगापूर एक फेरी सुमारे ६० मिलिसेकंदांची. ५० अर्जांची यादी दाखवताना ॲप्लिकेशन आधी यादी आणि मग प्रत्येक अर्जाचा तपशील वेगळा मागत असेल, तर ५१ फेऱ्या होतात, म्हणजे तीन सेकंद निव्वळ प्रवासात. रीजन बदलावेच, पण त्या ५१ क्वेरी एका ‘जॉइन’मध्ये (टेबले जोडणाऱ्या एकाच क्वेरीत) आणणे त्याहून गरजेचे.

निकालाच्या दिवसाबद्दल तर आमचे मत आणखी स्पष्ट आहे: त्या दिवशी डेटाबेसला विचारूच नये. आसनक्रमांक आणि आईचे नाव टाकून दिसणारा निकाल जाहीर झाल्यावर दिवसभर बदलत नाही. पंधरा लाख विद्यार्थी आणि प्रत्येकी एक किलोबाइट धरले तरी सगळा डेटा दीड जीबी होतो. साध्या मशिनच्या मेमरीतही तो आरामात मावतो. आदल्या रात्री तो रेडिससारख्या कॅशेमध्ये (मेमरीतल्या जलद साठ्यात) भरावा आणि पाने सीडीएनवरून (ठिकठिकाणच्या सर्व्हरच्या जाळ्यावरून) द्यावीत. बारा कोअरचे डेटाबेस मशिन भाड्याने घेण्यापेक्षा हे स्वस्त आणि भरवशाचे.

बॅकअपवर सविस्तर लिहितो, कारण मंदावलेला डेटाबेस सावरता येतो, गेलेला डेटा नाही. गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याकडून ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून मुख्य डेटाबेसची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअपच्या अनेक व्यवस्था होत्या. रोजचा डंप (डेटाची पूर्ण प्रत) पोस्टग्रेस ९.६ वर ९.२ च्या साधनाने घेतला जात होता, त्यामुळे तो फसत होता. फसल्याची ईमेल पाठवली जात होती, पण पडताळणीत नापास होऊन ती परत फिरत होती. शेवटी योगायोगाने सहा तास आधी घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची डिस्कची प्रत) कामी आला आणि त्या सहा तासांतले काम गेले. कंपनीने हे सगळे उघडपणे प्रसिद्ध केले, हे तिचे मोठेपण. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे गुगल क्लाउडवरचे प्रायव्हेट क्लाउड गुगलकडून झालेल्या सेटिंगच्या चुकीमुळे पुसले गेले. फंडाने दुसऱ्या सेवादाराकडेही बॅकअप ठेवले होते, त्यांचा तेव्हा मोठा आधार झाला.

यातून करायचे ते असे. आरडीएसवर स्वयंचलित बॅकअप ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतो. एपीआयने (प्रोग्रामद्वारे) डेटाबेस उभारला आणि काही सांगितले नाही तर तो एकच दिवस राहतो, तेव्हा आधी हा आकडा पाहावा. डेटाबेस हटवताना ‘बॅकअप ठेवा’ हा पर्याय निवडला नाही तर स्वयंचलित बॅकअपही जातात. म्हणून आठवड्याला एक प्रत वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या रीजनमध्ये न्यावी. त्यासाठी एन्क्रिप्शनची चावी स्वतः तयार केलेली असावी लागते, कारण ॲमेझॉनच्या डीफॉल्ट चावीने बंद केलेला स्नॅपशॉट दुसऱ्या खात्याला देता येत नाही. आणि दर तिमाहीला रीस्टोअरची (बॅकअपमधून डेटा परत उभारण्याची) रंगीत तालीम करावी. स्नॅपशॉटमधून नवा डेटाबेस उभा राहतो, त्याचा पत्ता नवा असतो. सिक्युरिटी ग्रुप (कोणाला जोडू द्यायचे त्याचे नियम) आणि पॅरामीटर ग्रुप (डेटाबेसच्या सेटिंगचा संच) आपण सांगितले नाहीत तर डीफॉल्ट लागतात आणि ॲप्लिकेशन जोडलेच जात नाही. डेटाबेस ‘तयार’ दिसला तरी डेटा मागून हळूहळू येत असतो, म्हणून पहिल्या वाचनाला फार वेळ लागतो. मुख्य टेबलांची मोजणी जुळवावी, ॲप्लिकेशनची एक प्रत त्यावर चालवावी आणि सुरुवातीपासून वापरता येईपर्यंत किती वेळ गेला ते लिहून ठेवावे. जोडप्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हेही कार्यालयांना बजावून सांगावे लागते. चुकीचा ‘डिलीट’ जोडप्रतीवरही त्याच क्षणी पोचतो.

बिलाविषयी थोडे. चाचणीचा डेटाबेस आठवड्याचे १६८ तास चालतो, वापर ५० तासांचा असतो. तो बंद ठेवला तरी आरडीएस सात दिवसांनी आपोआप सुरू करते, त्यामुळे बंद करण्याचे वेळापत्रकच लावावे. वाढवलेली डिस्क सरळ कमी करता येत नाही, त्यासाठी डेटा दुसरीकडे हलवण्याचा खटाटोप करावा लागतो. सुरुवात लहान ठेवून स्वयंवाढीला वरची मर्यादा घालावी. मायएसक्यूएल ५.७ सारख्या मुदत संपलेल्या आवृत्तीवर राहणाऱ्यांना मार्च २०२४ पासून आरडीएस दर कोअर-तासामागे जादा आकार लावते. कित्येक कार्यालयांच्या बिलात ही ओळ आहे आणि ती कशाची हे कोणी विचारलेले नाही. एक किंवा तीन वर्षांची आगाऊ नोंदणी सवलत देते, पण आधी वरची दुरुस्ती करावी, मग उरलेल्या खऱ्या गरजेपुरतीच नोंदणी करावी.

सुरक्षेचे किमान नियम सर्वांना ठाऊक असायला हवेत. डेटाबेसला सार्वजनिक पत्ता नको, ५४३२ आणि ३३०६ ही डेटाबेसची पोर्ट (जोडणीची दारे) जगाला उघडी नकोत, कोडमध्ये पासवर्ड नको. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

तेव्हा ज्या संस्था हे काम बाहेर देतात त्यांनी निविदेत मशिनचा आकार लिहून थांबू नये. क्लाउडचे मूळ खाते संस्थेच्याच नावावर असावे. दर महिन्याला एकूण वेळेनुसार सर्वांत महागड्या वीस क्वेरी आणि त्यांवर काय केले, याचा अहवाल मागावा. गर्दीच्या तारखेआधी निदान दोन तासांची भारचाचणी व्हावी, म्हणजे डिस्कचे क्रेडिट संपल्यावर काय होते तेही दिसेल. शेवटच्या रीस्टोअर तालमीची तारीख आणि तिला लागलेला वेळ कंत्राटदाराने लेखी द्यावा, आणि तो मिळाल्याशिवाय त्या तिमाहीचे देयक मंजूर करू नये.

आपले विश्वासू,
क्लाउडवरील डेटाबेसचे काम करणारे काही अभियंते, पुणे